विंटू भाषेत खोटं बोलता येतं का?

मूळ प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या विंटू या आदिवासी भाषेत म्हणे खोटं बोलताच येत नाही, कारण माहिती कुठून मिळाली ते क्रियापदातच सांगावं लागतं. हे खरं आहे का? या भाषेची आणखी वैशिष्ट्यं कोणती? ती गेली कशी आणि पुन्हा बोलली जाईल का?"

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: खोटं बोलता येतं. बाकीच्या भागांना वेळ लागेल. मी भाषाविज्ञान शिकवते, आणि बोलणारे थोडेच उरलेत अशा भाषांच्या नोंदी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. विंटूचे नमुने मी वर्गात नेहमी वापरते, पण मला ती बोलता येत नाही. तिच्याबद्दलचं माझं सगळं ज्ञान छापील व्याकरणं, कोश आणि लिहून घेतलेल्या कथांतून आलेलं आहे. हे आधीच सांगते, कारण याच भाषेबद्दल लिहायचं आणि आपल्याला ते कुठून कळलं हे गुलदस्त्यात ठेवायचं, हे बरं दिसत नाही.

आधी मुलूख. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात शास्ता नावाचा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या दक्षिणेला सॅक्रमेंटो, मॅक्लाउड आणि पिट या नद्या डोंगरातून उतरतात. पश्चिमेला ट्रिनिटी नदीचं खोरं. आजचं रेडिंग शहर आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ भाग म्हणजे विंटूंचा प्रदेश. दक्षिणेकडे सॅक्रमेंटोच्या खोऱ्यात नोमलाकी आणि पटविन या विंटूच्या बहीण-भाषा. तिघींचं मिळून विंटुअन कुळ. परके लोक येण्याआधी विंटू सुमारे 14,000 असावेत, असा एक अंदाज मांडला गेला आहे. 1913 साली रोलंड डिक्सन आणि आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातली पाच कुळं एका मोठ्या कुळात बांधली आणि त्या कुळांमधल्या 'दोन' या संख्येच्या शब्दांवरून, म्हणजे पेन आणि उती यांवरून, त्याला पेन्युटियन असं नाव दिलं. नाव रूढ झालं, पण ती पाचही कुळं खरोखर एकाच मुळाची आहेत का यावर अजून वाद आहे. तुम्हाला त्यात शिरायची गरज नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. समजा घरातला एक माणूस लाकडं तोडतोय. 'लाकडं तोडणं' या अर्थाचा विंटू धातू आहे कुपा. यातल्या क चा उच्चार आपल्या क पेक्षा वेगळा आहे, त्याकडे पुढे येते. तो माणूस मला समोर तोडताना दिसत असेल तर मी म्हणेन कुपाबे. मी आत आहे आणि कुऱ्हाडीचे घाव कानावर येताहेत, तर कुपान्थे. कुणी येऊन सांगितलं, तर कुपाके. मी त्याच्या घरी गेले, तो नाही आणि कुऱ्हाडही जागेवर नाही, तर कुपारे. आणि मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, पण या वेळी तो रोज लाकडंच तोडतो हे मला ठाऊक आहे, तर कुपाएल.

हे प्रकार डोरोथी ली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1930 च्या दशकात मांडले. पुढे अॅलिस शेफर्ड या भाषाविज्ञान अभ्यासकांनी त्यांची बारीक तपासणी केली. 'बे' हा प्रत्यय मुळात क्रिया चालू असल्याचा आहे, 'मी पाहिलं' हा अर्थ त्याला संदर्भाने येतो. त्यामुळे काही अभ्यासक असे पुरावादर्शक, म्हणजे माहितीचा उगम सांगणारे, प्रत्यय चार मोजतात तर काही पाच. माझं मत चाराच्या बाजूचं आहे. जे डोळ्यांसमोर आहे त्याला वेगळी खूण कशाला हवी?

मराठी माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. कुपाके म्हणजे सरळ आपलं 'तोडतोय म्हणे'. कुपारे म्हणजे 'तोडायला गेलेला दिसतोय', आणि कुपाएल म्हणजे 'तोडत असणार'. इंग्रजीतून विंटू शिकणाऱ्याला जे नवल वाटतं, त्यातलं निम्मं आपल्याला वाटायचं कारण नाही. फरक दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे आपलं 'म्हणे' ऐच्छिक आहे. 'शेजारच्यांनी गाडी घेतली' हे वाक्य मी स्वतः गाडी पाहून बोलले की दूधवाल्याकडून ऐकून, हे मराठी विचारत नाही. विंटूत ही निवड क्रियापदाच्या रूपातच बसलेली आहे. एखादं रूप निवडलं की माहितीचा उगम त्यातून बाहेर पडतोच.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कुपान्थेला मराठीत जोड नाही. 'तोडतोय वाटतं' म्हटलं की शंका आली, आणि न्थेमध्ये शंका नसते. मला ऐकू येतंय, मी ठाम आहे, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं नाही, एवढंच तो प्रत्यय सांगतो. मराठीत 'असेल', 'असावा', 'वाटतं' या सगळ्या रूपांमध्ये खात्री किती आणि माहिती कुठून हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. विंटू ते वेगळे ठेवते. विद्यार्थी इथेच हमखास घसरतात: प्रत्ययांची उतरंड लावतात, पाहिलेलं सगळ्यात पक्कं आणि ऐकीव सगळ्यात कच्चं. तशी ती शिडी नाही. रोजचा परिपाठ माहीत असल्यामुळे केलेलं 'एल'चं विधान कधी कधी लांबून ओझरतं पाहिलेल्यापेक्षा पक्कं असू शकतं.

न्थेचा आवाका ऐकण्यापुरता नाही. वास, चव, स्पर्श, अंगात होणारी वेदना, हे सगळं त्यात येतं. विंटूत 'मी आजारी आहे' म्हणतानाही हाच प्रत्यय लागतो, कारण आजार दिसत नाही, जाणवतो. इथे मराठीचा मार्ग पाहा: 'मला वास येतो', 'मला भूक लागली', 'मला बरं वाटत नाही'. जाणवणाऱ्या गोष्टींसाठी आपणही वेगळी रचना ठेवली आहे, फक्त ती क्रियापदात न ठेवता कर्त्याच्या विभक्तीत ठेवली आहे. पण एक पाऊल पुढे गेलं की वाटा फुटतात. विंटूत भविष्य सांगणं, दैवी शक्तींशी आलेला संबंध, मनाला आतून कळलेलं काही, हेही न्थेनेच बोललं जातं. वैदू अंगात आलेल्या शक्तीबद्दल बोलतो तेव्हा तो ऐकीव बोलत नसतो आणि तर्कही करत नसतो. त्याला ते जाणवलेलं असतं. शेफर्ड यांनी हा प्रत्यय 'ऐकणं, जाणवणं' अशा अर्थाच्या एका जुन्या धातूच्या कर्मणी रूपापर्यंत नेऊन पोचवला आहे. म्हणजे कधीकाळी ते 'ऐकू येतं' असं स्वतंत्र क्रियापद होतं आणि झिजत झिजत शेपटासारखं मागे चिकटलं. आपलं 'म्हणे' त्याच वाटेवर थोडं मागे उभं आहे. 'म्हणणे' या क्रियापदाचं ते रूप, पण आता त्याला कर्ता लागत नाही.

तर, खोटं. समजा मी लाकडं तोडताना कुणालाही पाहिलं नाही, तरी कुपाबे म्हटलं: झालं खोटं. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे बातमी खरी पण प्रत्यय खोटा. तो खरोखरच लाकडं तोडत होता, पण मला ते शेजारणीने सांगितलं होतं आणि मी पाहिल्याच्या थाटात बोलले. मराठीत याला कुणी खोटं म्हणणार नाही. अशा प्रत्ययांच्या भाषेत ते म्हणता येतं. आणि उलट बाजूने 'के' हा प्रत्यय चहाडखोराला उत्तम आडोसा देतो, जसा 'म्हणे' आपल्याला देतो: मी कुठे म्हणते, लोक म्हणतात! व्याकरण माणसाला प्रामाणिक बनवत नाही. ते फक्त कोणत्या गोष्टीबद्दल गप्प बसता येणार नाही एवढं ठरवतं.

शिवाय ही काही एकट्या विंटूंची तपश्चर्या नव्हे. शेजारच्या पोमो भाषांमध्ये असे प्रत्यय आहेत, मायडू या भाषेतही आहेत. पोमो आणि विंटू यांचं कूळ एक नाही. एका भूभागात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, एकमेकांत सोयरिकी करून, दोन-दोन तीन-तीन भाषा बोलणाऱ्या लोकांत अशा सवयी पसरतात. आपल्याकडे मराठी आणि कन्नड यांच्यात काय काय इकडून तिकडे गेलं हे माहीत असलेल्याला यात अवघड काही नाही. म्हणून 'विंटू मन' वगैरे शब्द वाचले की मी सावध होते.

हे शब्द लोकप्रिय झाले ते ली यांच्याच लेखांमुळे, आणि तरी त्या लेखांतली निरीक्षणं टाकून देण्यासारखी नाहीत. ली मूळच्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, ग्रीक. माहेरचं आडनाव डेमेट्राकोपोलू. मानववंशशास्त्रज्ञ कोरा ड्यू बॉइस यांच्याबरोबर त्यांनी विंटूंमध्ये काम केलं, आणि 1931 साली दोघींनी विंटू पुराणकथांचा संग्रह छापला. भाषेची घडण माणसाच्या विचाराला वळण देते, या कल्पनेने तो काळ भारलेला होता. ली यांना विंटूत एक वेगळंच जग दिसलं: माणूस निसर्गावर हुकूम गाजवत नाही, जे आहे त्यात सहभागी होतो. 'मी बाळाला सावलीत नेलं' असं विंटू म्हणत नाही, 'मी बाळाबरोबर सावलीत गेले' असं म्हणते. पुढारी लोकांवर राज्य करत नाही, लोकांबरोबर उभा राहतो. नामांच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं असंच: एकवचन-अनेकवचन दाखवण्याची सक्ती नाही, आधी येतं ते सामान्य, सगळ्या जातीचं रूप, आणि एखादं विशिष्ट हरीण वेगळं काढायचं तर बोलणारा ते काढतो.

सेडी मार्श या विंटू बाईची गोष्ट ली यांनीच नोंदवली आहे. त्यांनी तिला आत्मचरित्र सांगायला सांगितलं. तिने आजोबा, मामा, आई यांच्या आयुष्यापासून सुरुवात केली, आणि तीन-चतुर्थांश कथन होईपर्यंत ती स्वतः जन्मालाच आली नव्हती. शेवटी गोष्ट 'आईच्या पोटात जे होतं ते' इथपर्यंत पोचली. ली यांनी यातून 'मी'ची सीमारेषा पुसट असलेल्या संस्कृतीचं चित्र काढलं. मी याच जागी अडते. गावाकडच्या कुठल्याही म्हातारीला तुमची कहाणी सांगा म्हटलं तर ती आधी सासरची चार पिढ्यांची नावं घेते. हा कथनाचा रिवाज आहे; त्यावरून किंवा प्रत्ययांच्या तक्त्यावरून तत्त्वज्ञान काढता येत नाही. 'बाळाबरोबर गेले' ही रचनाही एखाद्या उपसर्गाचा किंवा प्रत्ययाचा नेहमीचा वापर असू शकते. इंग्रजीत शब्दशः उलटं केलं की कुठलीही भाषा ऋषीसारखी बोलू लागते. 'मला राग आला' याचं तसं भाषांतर करा आणि पाहा: राग बाहेरून चालत माझ्याकडे आला.

दिशांचं प्रकरण मात्र खरंच रसाळ आहे, आणि ते ली यांनी फार सुंदर सांगितलं आहे. विंटू माणूस नदीकाठाने वर चाललाय, डोंगर पश्चिमेला, नदी पूर्वेला, आणि डास त्याच्या पश्चिमेकडच्या हाताला चावतो. परत येताना डोंगर पश्चिमेलाच असतात, पण तो खाजवतो तो पूर्वेकडचा हात. हात तोच. बदलली ती त्याची उभं राहण्याची बाजू. डावं-उजवं शरीराला बांधलेलं नाही, जमिनीला बांधलेलं आहे. आपल्याकडे शेतकरी 'मावळतीचा बांध', 'उगवतीची विहीर' म्हणतो, आणि कोकणात वरची आळी आणि खालची आळी असते, पण स्वतःच्या हाताला कुणी उगवतीचा हात म्हणत नाही. विंटू तिथपर्यंत जाते. लोकांच्या गटांची नावंही याच दिशांनी भरलेली आहेत: वाय म्हणजे उत्तर, नोर दक्षिण, पुय पूर्व, नोम पश्चिम, पोम म्हणजे जमीन, मुक म्हणजे लोक, मेम म्हणजे पाणी. सॅक्रमेंटो आणि पिट यांच्या मधून वाहणाऱ्या मॅक्लाउडच्या काठचे विंटू ते विन्नेमेम, मधल्या पाण्याचे. हेफोर्क या गावाच्या बाजूचे नोररेलमुक. माणसाच्या गटाचं नाव सांगितलं की तो कुठे राहतो ते कळतं.

या पद्धतीचा एक परिणाम उघड आहे, आणि तो भाषा जाण्याशी जोडलेला आहे. जी भाषा नदीच्या वाहण्यावर आणि डोंगराच्या बाजूवर उभी आहे, तिच्या बोलणाऱ्यांना दुसऱ्या खोऱ्यात हलवलं तर वाक्यांचे खुंटेच हलतात. इतिहासाकडे येतेच, त्याआधी उच्चार.

उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे. विंटूत प आणि फ, त आणि थ असे अल्पप्राण-महाप्राण वेगळे आहेत, आणि ब, द हे घोष वर्णही आहेत. या भाषेचं नाव ज्या शब्दावरून आलं, त्या 'माणूस' या अर्थाच्या विंटू शब्दात थ आहे. विन्थू असं काहीतरी. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळतो. मी इथे विंटू असंच लिहिते कारण तेच रूप सगळीकडे रुळलं आहे. पुढे मात्र आपलीही पंचाईत होते. प, त, क यांची आणखी एक जात आहे: स्वरयंत्र बंद करून वर ढकलायचं आणि कोंडलेल्या हवेने व्यंजन 'टक्' असं फोडायचं. मघाचा कुपातला क हाच. त्याशिवाय पडजिभेजवळून येणारा क आहे, उर्दूच्या क़च्या जवळचा, आणि त्याचंही असं फुटणारं रूप आहे. ल सारख्या जागेवरून निघणारं एक व्यंजन मी वर्गात कधीच एका दमात नीट काढू शकत नाही. स्वर साधे: अ-आ, इ, ए, उ, ओ या जागांवरचे पाच, ऱ्हस्व आणि दीर्घ.

स्वरांची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. धातूतला ए किंवा ओ, पुढे एकच व्यंजन आणि त्यानंतर आ असेल, तर वर चढून इ किंवा उ होतो. लेल या 'बदलणं' अर्थाच्या धातूचं एक रूप लेले, पण आ लागला की लिला. अनेक भाषांत शेजारचे स्वर एकमेकांसारखे होतात. इथे खालच्या आ पासून लांब पळायला मधला ए वर जातो. हार्वी पिटकिन यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या भाषा-सर्वेक्षणासाठी विंटूंमध्ये काम केलं, आणि 1984 साली छापलेल्या त्यांच्या व्याकरणात हा नियम नीट मांडला आहे. क्रियापदाची अंगं, म्हणजे प्रत्यय ज्यांना लागतात ती रूपं, कशी तयार होतात हेही त्यात आहे. कोणता प्रत्यय कोणत्या अंगाला लागतो हे पक्कं केल्याशिवाय पुरावादर्शक प्रत्ययांचा नुसता तक्ता पाठ करून काही उपयोग नाही.

आता ती गेली कशी. 'भाषा लोप पावली' हे वाक्य मला आवडत नाही. त्यात कर्ता नाही. इथे कर्ते आहेत, आणि बहुतेकांची सालं ठाऊक आहेत. 1833 च्या सुमारास फरच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या मलेरियाने सॅक्रमेंटोच्या खोऱ्यातली बहुसंख्य वस्ती मारली. तीन-चतुर्थांशापर्यंतचे अंदाज आहेत. 1846 मध्ये जॉन फ्रेमाँट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या तुकडीने आजच्या रेडिंगजवळ नदीकाठी जमलेल्या लोकांची कत्तल केली. 1848 मध्ये क्लियर क्रीक या ओढ्यावर सोनं सापडलं आणि खाणवाले लोंढ्याने आले. 1850 च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आदिवासी मुलांना गोऱ्यांच्या घरी वेठीला ठेवण्याची सोय करून दिली. 1851 साली कॉटनवुडला विंटू पुढाऱ्यांबरोबर करार झाला, जमीन राखून ठेवायचं कबूल झालं. असे एकूण 18 करार कॅलिफोर्नियात झाले, अमेरिकेच्या सिनेटने 1852 मध्ये एकही मंजूर केला नाही, आणि ते कागद 1905 पर्यंत गुप्त ठेवले. 1852 च्या एप्रिलमध्ये हेफोर्कजवळ नॅचरल ब्रिज इथे दीडशेच्या आसपास विंटू मारले गेले, बायकामुलांसकट. यानंतर निवासी शाळा आल्या. तिथे घरची भाषा बोलायची सोय नव्हती. तिथून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपल्या मुलांशी इंग्रजी बोलायचं ठरवलं, यात त्यांना दोष कुणी द्यायचा?

मॅक्लाउड नदीची कथा वेगळी सांगायला हवी. 1872 मध्ये लिव्हिंगस्टन स्टोन या मत्स्यतज्ज्ञांनी तिच्या काठी सामन माशांची अंडी गोळा करण्याचं सरकारी केंद्र उभारलं, आणि विन्नेमेम लोक तिथे काम करू लागले. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातून अंडी न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या नद्यांत ती जात रुजली. इकडे 1938 ते 1945 या काळात शास्ता धरण बांधलं गेलं, सुमारे 183 मीटर उंच. मॅक्लाउडचं खालचं पात्र, वस्त्या, नाचाच्या आणि पूजेच्या जागा पाण्याखाली गेल्या, सामनला वर जायला वाट उरली नाही. 1941 च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी घेण्याची तरतूद केली. विन्नेमेमांची तक्रार अशी की बदल्यात जमीन कधी मिळालीच नाही. आजही अमेरिकेचं केंद्र सरकार विन्नेमेमांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता देत नाही. महाराष्ट्रात धरणग्रस्तांची कागदपत्रं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे सगळं वाचताना फार समजावून द्यावं लागणार नाही.

2003 मध्ये फ्लोरा जोन्स वारल्या. त्या विन्नेमेमांच्या वैदू आणि धर्मप्रमुख होत्या, आणि विंटू अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, नात्यातल्याच केलीन सिस्क आज विन्नेमेमांच्या प्रमुख आहेत. प्रार्थना, गाणी, ठिकाणांची नावं, माशाला नूर म्हणणं, हे तुटलेलं नाही. 2010 साली विन्नेमेम न्यूझीलंडला गेले आणि तिथल्या नदीकाठी माशांसाठी नाचले. 2022 मध्ये सरकारी मत्स्यखात्यांबरोबर मिळून सामनची अंडी पुन्हा मॅक्लाउडच्या पाण्यात ठेवली गेली, आणि 2023 मध्ये ते काम एकत्र करण्याचा करार झाला. भाषेच्या उत्तरात मासा कशाला, असं वाटेल. पण एखादा शब्द वापरायला प्रसंग लागतो, आणि माशांच्या काठी उभं राहून करायचा विधी हा तो प्रसंग आहे.

ती परत बोलली जाईल का? होऊ शकतं, आणि उदाहरण आहे. अमेरिकेतल्याच मायामी-इलिनॉय या आदिवासी भाषेचे शेवटचे बोलणारे 1960 च्या दशकात गेले. त्या जमातीच्या डॅरिल बाल्डविन यांनी जुन्या हस्तलिखितांवरून ती शिकून स्वतःच्या मुलांना घरात बोलायला लावली, आणि आज ओहायोच्या मायामी विद्यापीठात त्यासाठी केंद्र आहे. बर्कलेत 1996 पासून कॅलिफोर्नियातल्या आदिवासींसाठी शिबिरं भरतात, तिथे लोक आपल्याच पणजीच्या आवाजातल्या फिती ऐकायला येतात. विंटूकडे साधनसामग्री चांगली आहे: पिटकिन यांचं व्याकरण आणि कोश, शेफर्ड यांचा कोश, ग्रेस मॅककिबिन या विंटू बाईंनी विंटूतून सांगितलेल्या कथा, गाणी, आठवणी.

तरी या सामग्रीत एक मोठं भोक आहे, आणि ते कामाचा अनुभव असल्याशिवाय लगेच लक्षात येत नाही. कागदावर आहे ते बहुतेक एकट्या माणसाचं कथन, नाहीतर संशोधकाने विचारून काढलेली वाक्यं. पुराणकथेत 'के' असतो, कारण ती ऐकीवच; तोच तो प्रत्यय पानोपान. पण पुरावादर्शक प्रत्ययांची खरी मजा भांडणात, गावगप्पांत, मुलाला खोटं बोलताना पकडण्यात. आई 'तू पाहिलंस का?' असं विचारायची की पोराच्या प्रत्ययावरूनच ओळखायची? दोघींनी एकच गोष्ट वेगळ्या प्रत्ययांनी सांगितली तर वाद कसा मिटायचा? असे संवाद लिहून ठेवलेले फार थोडे. ज्यांना विंटू घरात पुन्हा बोलायची आहे त्यांना ही जागा स्वतः भरावी लागेल, आणि त्यांनी ती भरली की ती विंटूच असेल, आजोबांच्या विंटूपेक्षा थोडी वेगळी.

तुम्ही विद्यार्थी असाल असं धरून सांगते. ली यांचे लेख सगळ्यात शेवटी वाचा, कारण ते इतके छान लिहिलेले आहेत की आधी वाचले तर पुढचं सगळं त्यांच्याच चष्म्यातून दिसतं. मॅककिबिन यांच्या कथनापासून सुरुवात करा. एक पान घ्या, प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा, त्याचा शेवट वेगळा काढा, आणि समासात मराठीत लिहा: पाहिलं, जाणवलं, कुणी सांगितलं, खुणेवरून, सवयीवरून. जिथे ठरवता येत नाही तिथे पिटकिन यांचं व्याकरण उघडा. आणि तुम्हाला इथेच काही करायचं असेल, तर बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी दोन-तीन हजार माणसं आहेत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, आणि बोलणारे सगळे कोरकू, मराठी किंवा हिंदीही बोलतात. तिथे गेलात तर शब्दांची यादी आणि लोककथा यांवर थांबू नका. दोघांना एकमेकांशी बोलू द्या, ध्वनिमुद्रण चालू ठेवा आणि मध्ये बोलू नका.